माझे दात फ्लोराइडनं डागाळले, आता पोराला तीच पेस्ट कशी देऊ?

पत्र

ताई नमस्कार. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं आणि सासर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं, त्यामुळे माझ्या पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग आहेत, अजूनही फोटोत मी तोंड मिटूनच हसते. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. मुलाच्या चार दाढा किडल्यात, त्यातली एक रात्री ठणकते. डेंटिस्ट म्हणाले त्या दाढेचं रूट कॅनल आणि कॅप, बाकीच्या तिघींना फिलिंग, आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. खर्चाचा आकडा ऐकून घरात वाद झाला. सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडणारच, पैसे कशाला घालवता. मिस्टरांना व्हॉट्सअॅपवर आलंय की फ्लोराइडने मुलांची बुद्धी कमी होते, ते म्हणतात हर्बलच आणू. मला तर फ्लोराइडचं नाव ऐकलं तरी धडकी भरते, ज्यानं माझे दात घालवले तेच पोराच्या तोंडात घालू? तसा तो चॉकलेट फार खात नाही, फक्त झोपताना साखर घातलेलं दूध लागतं आणि दिवसभर बिस्किटं चालू असतात. रात्री फारच ठणकलं तर सासूबाई दाढेला जराशी मिश्री लावतात, मग झोपतो. काय करू?

— गोंधळलेली आई

उत्तर

नमस्कार. पत्र फ्लोराइडबद्दल आहे पण मी सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण ती तुम्ही अगदी सहज लिहून गेलात आणि मी तिथंच अडकले. मिश्री आज रात्रीपासून बंद. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही, आणि तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं, त्यात साडेपाच वर्षांच्या पोराचं वजन ते केवढं, मोठ्यांना जी चिमूट काहीच वाटत नाही तेवढीनं त्याला चक्कर, मळमळ, उलटी काहीही होऊ शकतं. आणि एवढं करून दाढ बरी होत नाहीच, आतला संसर्ग आपला चालूच राहतो. तोपर्यंत ठणका लागला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे सांगितलेला पॅरासिटामॉलचा डोस, बस. लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाबून ठेवायची पद्धत लहान मुलांना करू नका, हिरडी भाजते. गालावर सूज आली किंवा ताप आला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सासूबाईंवर चिडू नका. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना दात दुखला म्हणून कोणीतरी मिश्री लावायला शिकवली, दुखणं थांबलं पण मिश्री राहिली, आणि त्याला कोणी व्यसन म्हणालंच नाही कारण ते "दात घासणं" होतं. अहो बाजारातल्या काही मंजनांत आणि पेस्टमध्येसुद्धा तंबाखू असायची, १९९२ साली केंद्र सरकारनं त्यावर बंदी आणली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी आणणार! आपल्याकडचं याचं संशोधन जुनं आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या लोकांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांतून १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती, १९७२ साली ते छापून आलं, तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कॅन्सरआधीचे बदल यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. म्हणून मुलाला घेऊन जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या, नातवासाठी त्या येतील, आणि डेंटिस्टला म्हणा आईंच्या गालाच्या आतूनही एकदा बघा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पहिल्यासारखं न उघडणं, हे बघायचं असतं. त्यांच्या सवयीवरून आत्ता घरात रामायण नको, नातवाला लावायची नाही एवढंच आधी कबूल करून घ्या, आणि हे बोलणं मिस्टरांनी त्यांच्या आईशी करायचं, तुम्ही नाही.

आता दाढा. "दुधाचे दात पडणारच" हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं म्हणूनच इतकी वर्षं टिकलंय. पुढचे दात सहा-सात वर्षांचा झाला की पडायला लागतील, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या पोराला अजून पाच-सहा वर्षं याच दाढांनी भाकरी चावायचीय. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात खाली कायमचा दात तयार होत असतो, वर पू झाला तर खालच्याला डाग किंवा खड्डा पडू शकतो. आणि ती दाढ लवकर काढून टाकली तर मागची पुढं सरकते, जागा बुजते, मग कायमचा दात वाकडा येतो आणि आज वाचवलेले पैसे (आणि वर आणखी बरेच) पुढं ब्रेसेसवर जातात.

रात्री आपोआप ठणकणारी दाढ म्हणजे बहुतेक वेळा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. दुधाच्या दाताचं वरचं कवच, इनॅमल, कायमच्या दातापेक्षा बरंच पातळ असतं, त्यामुळे छोटं भोक दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं. तर त्या एका दाढेचं रूट कॅनल आणि वर स्टीलची कॅप हा डॉक्टरांचा सल्ला मला योग्यच वाटतो, तो पुढं ढकलू नका. मुलांचं रूट कॅनल मोठ्यांसारखं किचकट नसतं, आत भरलेलं औषध मुळांबरोबर विरघळून जाईल असंच असतं.

बाकीच्या तीन दाढांबद्दल मात्र डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा की फिलिंगशिवाय दुसरं काही चालेल का, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या बाबतीत विचार बराच बदललाय. पूर्वी कीड दिसली की ड्रिल करून सगळी खरवडून काढायची आणि भरायचं हा एकच मार्ग. आता सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक औषध आहे, जपानात ते १९७० च्या सुमारापासून वापरतात, ब्रशनं किडलेल्या जागेवर लावायचं, मिनिटभराचं काम, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, आणि कीड बहुतेक वेळा तिथंच थांबते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, सोबत फ्लोराइडची पेस्ट आणि ग्लास आयोनोमर नावाचं भरायचं सिमेंटही. तोटा एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दाताला लोक नको म्हणतात ते समजू शकते, पण मागच्या दाढेत कोण बघतंय. दुसरी पद्धत स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल नावाच्या डेंटिस्टबाईंच्या नावानं ओळखली जाते, त्या कीड न खरवडताच दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप घट्ट बसवायच्या, आत कोंडलेल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते आणि कीड थंडावते. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग तिथंच व्यवस्थित चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल छापून आला आणि तो चांगला होता. अर्थात कुठल्या दाढेला काय चालेल हे एक्स-रे बघून तुमचे डॉक्टरच सांगतील, कीड नसेपर्यंत गेली असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही. खर्च झेपत नसेल तर कराड, सांगली, पुणे इथं डेंटल कॉलेजं आहेत, तिथं मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो आणि बिल साधारणपणे खाजगी दवाखान्यापेक्षा बरंच कमी येतं. वेळ जातो, चकरा होतात, पण काम होतं. आणि अंगणवाडी-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते तेव्हा दातसुद्धा दाखवा, ते त्यांच्या यादीत आहे, पालक सांगत नाहीत म्हणून राहून जातं.

आता तुमचं फ्लोराइड. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यामुळे तुमची भीती मला अजिबात वेडगळ वाटत नाही. उलट गंमत अशी की फ्लोराइड दाताला उपयोगी आहे हा शोधच मुळात तुमच्यासारख्या दातांवरून लागलाय. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा नवा डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना टाकायला गेला, बघतो तर तिथं जन्मलेल्या लोकांचे दात तपकिरी. कोणी म्हणे दुधाचा दोष, कोणी म्हणे डुकराच्या मटणाचा. हा बाबा पुढची तीस वर्षं त्याच्या मागं लागला. ओकली नावाच्या एका गावात आयांनीच त्याला सांगितलं की नवी पाइपलाइन आल्यापासून पोरांचे दात डागाळायला लागले, त्यानं पाणी बदलायला लावलं आणि नंतरच्या मुलांचे दात स्वच्छ आले, पण पाण्यात नेमकं काय हे कळेना. शेवटी १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीच्या चर्चिल नावाच्या केमिस्टनं पाणी तपासलं आणि फ्लोराइड सापडलं. (कंपनीला भीती होती की आपल्या भांड्यांचं नाव खराब होईल, म्हणून त्यांनी एवढी मेहनत घेतली. असो.)

पण या सगळ्या भानगडीत मॅकेच्या एक गोष्ट लक्षात आली होती, हे डागाळलेले दात किडत मात्र फारसे नाहीत. मग ट्रेंडली डीन नावाच्या सरकारी डेंटिस्टनं गावोगावचं पाणी मोजलं आणि दिसलं की लिटरला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर डाग जवळजवळ नसतात पण कीड बरीच कमी असते. त्यावरून १९४५ च्या जानेवारीत ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला लागले, आणि अकरा वर्षांनी बघितलं तर त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली होती. तुम्ही स्वतःच आठवून बघा, तुमच्या दातांवर डाग आहेत पण आजवर कॅव्हिटी किती झाल्या? फार नसतील असा माझा अंदाज आहे. (फ्लोराइड फारच जास्त असेल तर इनॅमल ठिसूळ होऊन तुकडे पडतात, तो वेगळा आणि वाईट प्रकार.)

मग एकाच गोष्टीनं दात बिघडतात आणि वाचतातही, असं कसं? तर ते शरीरात कोणत्या वाटेनं जातं, किती जातं आणि कोणत्या वयात जातं, सगळं त्यावर आहे. तुमचे डाग पडले ते फ्लोराइड दाताला लागून नाही, ते पोटात जाऊन पडलेत. लहानपणी रोज त्या बोअरचं पाणी प्यायलात, त्याच पाण्यात वरणभात शिजला, ते रक्तातून हिरडीच्या आत तयार होत असलेल्या दातापर्यंत गेलं आणि इनॅमल बनतानाच बिघडलं. दात एकदा पूर्ण बनला की मग असा डाग पडू शकत नाही. पेस्टचं काम बाहेरून चालतं. आम्ल लागून दाताच्या पृष्ठभागातून जे कॅल्शियम-फॉस्फेट निघून जातं ते लाळेतून परत बसवायला फ्लोराइड मदत करतं आणि नव्यानं बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. मुळात पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदासुद्धा बराचसा असा वरून लागण्यामुळेच होतो हे नंतरच्या संशोधनात कळलं.

आता हिशोब करू. पेस्टमध्ये १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, एका ग्रॅममागे १ मिलिग्रॅम) फ्लोराइड असेल आणि तुम्ही मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट दिलीत, म्हणजे साधारण पाव ग्रॅम, तर त्यात फ्लोराइड होतं पाव मिलिग्रॅम. दोन वेळची सगळी गिळली तरी अर्धा मिलिग्रॅम, आणि तो थुंकणारच आहे. याउलट धरून चाला की एखाद्या बोअरच्या पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम आहे आणि पोर दिवसाला फक्त एक लिटर पितंय, झाले ४ मिलिग्रॅम, तेही रोज आणि वर्षानुवर्षं. तुमच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली बसल्यात म्हणून पेस्टच्या ट्यूबकडे बघून तुम्हाला गावची बोअर आठवते. दुसरं म्हणजे कायमचे पुढचे दात जन्मानंतर काही महिन्यांत बनायला लागतात आणि चार-पाच वर्षांपर्यंत त्यांचा दिसणारा भाग हिरडीच्या आत तयार झालेला असतो. म्हणजे तुमच्या मुलाचे हसताना दिसणारे दात बनून झालेत, ते फक्त बाहेर यायचेत. ज्या डागांची तुम्हाला धास्ती आहे तो टप्पा त्याच्या बाबतीत जवळपास उलटून गेलाय.

धाकटीचा टप्पा मात्र आत्ता चालू आहे, तिच्या बाबतीत हात आखडता ठेवा. तीन वर्षांची होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, ब्रशवर नुसती पुसल्यासारखी, आणि ट्यूब तिच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही, गोड लागते म्हणून पोरं चाटून खातात.

मिस्टरांचा फॉरवर्ड पूर्ण खोटा नाहीये, म्हणून उडवून लावू नका. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमनं २०२४ मध्ये एक अहवाल काढला, त्यात म्हटलंय की पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तिथल्या मुलांचा बुद्ध्यांक कमी असल्याचं दिसतं, त्याहून कमी प्रमाणाबद्दल निष्कर्ष काढायला पुरेशी माहिती नाही. म्हणजे तो अहवाल पाण्याबद्दल आहे, थुंकून टाकायच्या पेस्टबद्दल नाही. आणि १.५ हा आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातलाही वरचा आकडा आहे, १ पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. मग मिस्टरांना खरंच काळजी असेल तर पेस्ट बदलण्याआधी घरचं पाणी तपासून आणायला सांगा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते, बाटलीभर पाणी नेऊन द्यायचं. साताऱ्याकडचंही तपासा आणि माहेरचंही, कारण आई-वडील अजून तेच पाणी पीत असतील आणि त्यांची पाठ, मान, गुडघे आखडले असतील तर ते नुसतं वय नसू शकतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं, हे कृपया माहेरी फोन करून सांगा. आरओनं कमी होतं. आणि गावपातळीवर तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवायची पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकातच काढलीय, नालगोंडा पद्धत म्हणतात तिला, तुमच्या माहेरापासून काही तासांवर हे संशोधन झालंय, ग्रामपंचायतीत विचारायला हरकत नाही. घरचं पाणी १.५ च्या वर निघालं तर दोन्ही मुलांच्या पेस्टबद्दल डेंटिस्टला तो आकडा दाखवून परत विचारा, तेव्हा हिशोब थोडा बदलतो.

पेस्ट घेताना जाहिरात बघू नका, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पीपीएम लिहिलेलं असतं ते वाचा. आपल्याकडे १००० च्या वर घालायला परवानगी नाही आणि फ्लोराइड असेल तर आकडा छापायचा असा नियम आहे. लहान मुलांच्या कार्टूनवाल्या बऱ्याच पेस्टमध्ये त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी असतं, आणि ज्याच्या चार दाढा किडल्यात त्याला ते पुरत नाही, त्याला १००० वालीच वाटाण्याएवढी. हर्बल पेस्ट काही विष नाही, ब्रश फिरवला की दातावरचा थर निघतोच, पण बहुतेक हर्बलमध्ये फ्लोराइड नसतं आणि कीड थांबवण्याचा भक्कम पुरावा आहे तो फ्लोराइडचा. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २००३ साली जो आढावा निघाला त्यात फ्लोराइडच्या पेस्टनं मुलांमधली कीड साधारण २४ टक्के कमी झालेली दिसली.

आणि इथंच मला तुमच्याशी थोडं वाजवायचंय, कारण २४ टक्के म्हणजे चोवीसच! तुम्ही तिघंही पेस्टवर भांडताय आणि दिवसभर चालणारी बिस्किटं "फक्त" म्हणून सोडून दिलीत. दातावरच्या थरातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल बनवतात, खाल्ल्यावर काही मिनिटांत दाताजवळचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि इनॅमल विरघळायला लागतं, मग लाळ हळूहळू ते पूर्वपदावर आणते, त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. स्टीफन नावाच्या संशोधकानं १९४० च्या दशकात हे मोजून ठेवलंय. आता तुमच्या पोराचा दिवस बघा, नऊ वाजता एक बिस्किट, दहाला दोन, साडेदहाला आजोबांच्या चहात बुडवून एक, लाळेला सावरायला वेळच नाही. एकूण साखर किती यापेक्षा दिवसातून किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं.

हे ज्या प्रयोगातून पक्कं कळलं तो मात्र लाज वाटावी असा होता. स्वीडनमध्ये लुंडजवळ विपेहोल्म नावाची बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची संस्था होती, तिथल्या लोकांना १९४० च्या दशकात मुद्दाम गोड खायला घातलं, काहींना जेवणाबरोबर, काहींना मधल्या वेळेत दाताला चिकटणारी टॉफी. ज्यांना काय चाललंय हे कळत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं, त्यांचे दात बरबाद केले. जेवणासोबत भरपूर साखर खाणाऱ्यांत कीड फार वाढली नाही, मधे मधे टॉफी चघळणाऱ्यांत ती भयंकर वाढली. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेट द्यायची प्रथा पडली ती त्यावरून. तुमच्याकडे आठवडी बाजाराचा वार असेल, खाऊ त्या दिवशी, पोटभर, एका बैठकीत. बिस्किटं मधल्या सुट्टीत किंवा संध्याकाळी, एकदाच, प्लेटमध्ये मोजून, डबा हाताशी ठेवायचा नाही. मधल्या भुकेला फुटाणे, शेंगदाणे, भाकरी-तूप, पेरू, काकडी, काहीही (धाकटीला दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात). सणाचे लाडू-करंज्या जेवणात खुशाल खाऊ द्या, दिवाळी बंद करा असं मी म्हणत नाही.

झोपतानाचं साखरेचं दूध मला बिस्किटांपेक्षाही जास्त खटकतं, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते, दाताजवळ राहिलेलं गोड धुवून न्यायला काही नसतं. दूध रात्रीच्या जेवणाबरोबर द्या, साखर चमच्यावरून अर्ध्यावर, मग चिमटीवर आणा, एकदम तोडलीत तर भोकाड पसरेल आणि आजी परत घालेल. त्यानंतर ब्रश आणि ब्रशनंतर फक्त पाणी. धाकटीला बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

रात्रीचा ब्रश मुलानं नाही, मोठ्यानं करायचा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते जमत नाही, ती पुढचे चार दात घासतात आणि पेस्ट चाटतात. माझा आग्रह असा की हे काम मिस्टरांकडे द्या, फ्लोराइडचा एवढा अभ्यास करतायत तर वाटाण्याएवढी पेस्टही त्यांनीच मोजावी. पोराला मांडीवर डोकं ठेवून आडवं घेतलं की मागच्या दाढा दिसतात. दोन मिनिटं, मऊ ब्रश, शेवटी थुंकायचं पण खळाखळा चूळ भरायची नाही, नाहीतर लावलेलं फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये. महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते का बघायचं, दोघांच्याही. ती किडीची सुरुवात असते आणि त्या टप्प्यावर नुसत्या फ्लोराइडनं आणि खाणं सुधारून ती परत फिरू शकते, ड्रिलपर्यंत जावंच लागत नाही.

आणि मुलाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, काही न पडता, येत्या वर्षभरात एक नवी दाढ उगवेल. बहुतेक आयांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे, जन्माला पुरायची, आणि तिच्यात इतक्या खोल घळी असतात की सगळ्यात आधी तीच किडते. ती पूर्ण वर आली की डेंटिस्टला सांगून सीलंट लावून घ्या, घळी बुजवायचा पातळ थर असतो, दुखत नाही.

राहिले तुमचे दात. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात संपवलेत, पण फोटोत तोंड मिटून हसणं मी वाचलं. ते डाग मळ नाही, त्यामुळे कोळशाची पावडर, मीठ, सोडा घासून निघणार नाहीत, घासताय तर थांबवा, इनॅमल झिजेल आणि डाग आहे तिथंच राहील. हलके डाग असतील तर वरचा अगदी पातळ थर घासून काढतात (याला मायक्रोअब्रेजन म्हणतात) आणि कधी जोडीला ब्लीचिंग करतात, गडद असतील तर दाताच्या रंगाचं कंपोझिट वरून लावतात, ते काही वर्षांनी परत करावं लागतं, आणि सगळ्यात महाग व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ कवच, ज्यासाठी दात थोडा घासावा लागतो, म्हणून त्याची घाई नको. मुलाच्या दाढांचं काम झालं की त्याच डॉक्टरांना विचारा की मायक्रोअब्रेजन जमेल का, बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं आणि व्हिनिअरच्या तुलनेत खर्चही कमी असतो.